बिडाचे पाईप उतरवून सगळीकडे पीव्हीसी? माझा विरोध आहे

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर
आमच्या चार मजली इमारतीतले ड्रेनेजचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाईप काढून सरसकट पीव्हीसी टाकायचं कमिटीने जवळपास ठरवलंय. कारण काय, तर दोन सांध्यांतून पाझर आहे. माझं म्हणणं, सांधे दुरुस्त करा आणि उभी मुख्य लाईन बिडाचीच राहू द्या.

एक लाईन पश्चिमेच्या भिंतीवर उघडी आहे. मे महिन्यात दुपारी तिला हात लावून बघा. पीव्हीसी उन्हात बिडाच्या साधारण सहापट वाढतं. तीन मीटरच्या पाइपात ४० अंशांचा फरक पडला, तर पीव्हीसी साधारण ८ मिलिमीटर लांबतं आणि बीड जेमतेम सव्वा. दिवसा वाढायचं, रात्री आकसायचं, हे वर्षानुवर्षं चाललं की क्लॅम्प ढिले होतात, सांधे ओढले जातात. दुसरी लाईन डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, सगळ्या बाथरूमांना लागून वर गेलीय. बीड पेटत नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर सोडतं, आणि डक्ट म्हणजे धुराला सरळ जिनाच. शिवाय वरच्यांनी रात्री फ्लश केला तर खाली आवाज येत नाही, तो या जड पाइपांमुळेच.

प्लंबर, नांदेड
साहेब, पण बिडाच्या पाइपाचा शिशाचा सांधा भरणारा माणूस कुठून आणायलात? सॉकेटात, म्हणजे पाइपाच्या रुंद तोंडात, सुतळी ठासायची, वितळलेलं शिसं एका दमात ओतायचं, निवताना ते आकसतं म्हणून चहूबाजूंनी ठोकून बसवायचं. सॉकेट जरा ओलं राहिलं तर शिसं तोंडावर उडतं. आताची पोरं रबर रिंग आणि सोल्युशनवर (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणावर) शिकलेली आहेत. चार इंची, सहा फुटी बिडाचा पाईप वीस किलोच्या आसपास भरतो. परांचीवर त्याला दोघं लागतात.

आणि वाढीचं म्हणाल, तर तो दोष बसवणाऱ्याचा. रिंगच्या सांध्यात पाईप पूर्ण आत ढकलून खूण करायची आणि १० मिलिमीटर मागे ओढायचा. लोक सगळेच सांधे सोल्युशनने चिकटवतात, मग पाइपाने वाढायचं कुठं?

रहिवासी, लातूर
मी पीव्हीसीच्या बाजूने. बोअरचं पाणी इतकं जड की संडासाच्या भांड्यावर पांढरा थर धरतो आणि घरोघरी ॲसिड ओतलं जातं. ॲसिड लोखंड खातं, पीव्हीसीला काही होत नाही. २०१६ मध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत अर्ध्या बादलीत फ्लश करावा लागतो. तेवढ्या पाण्यात मैला पुढे सरकायला पाईप आतून गुळगुळीतच हवा. बीड खडबडीत होतं आणि क्षार धरतं.

धागाकर्ता
ॲसिडचा मुद्दा मान्य, सोसायटीने ते बंदच केलं पाहिजे. पण उभ्या लाईनीत मैला खाली पडतो. गुळगुळीतपणाचा प्रश्न आडव्या पाइपांचा. तिथे पीव्हीसीला माझी ना नाही.

खानावळ चालवणारा, बीड
स्वयंपाकघराचं बघा. आमच्याकडे भाताचं उकळतं पाणी सिंकमध्ये जातं. पीव्हीसीची आडवी लाईन दोन क्लॅम्पांच्या मध्ये झोल खाऊन बसली, त्या झोलात तेलकट गाळ साचून दर पंधरवड्याला चोकअप. आता तेवढा भाग बिडाचा केलाय. घरच्या सिंकला कदाचित पीव्हीसी पुरेल, आम्हाला नाही.

साइट इंजिनिअर, परभणी
जमिनीखाली मात्र बीड नको. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. बीड ठिसूळ, वाकण्याऐवजी मोडतं. इमारतीपासून चेंबरपर्यंत पीव्हीसीच बरं.

आधी जुने पाईप तपासा. हलक्या हातोडीने वाजवा. चांगलं बीड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. पार्किंगच्या छताला टांगलेल्या आडव्या पाइपांची वरची बाजू नीट बघा, मैल्याच्या वायूपासून आम्ल तयार होऊन ती आतून खाल्ली जाते. तिथे चाकूने खरवडून काळी भुकटी निघाली, तर तो पाईप गेलाच.

शिशाशिवाय मार्ग आहे. आयएस (भारतीय मानक) १५९०५ चे बिनसॉकेटचे बिडाचे पाईप मिळतात, रबराची बाही आणि वर स्टेनलेस स्टीलचा पट्टा आवळला की सांधा झाला. पीव्हीसीच घ्यायचं ठरलं, तर आयएस १३५९२ चा टाइप बी घ्या. टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवा-वायू जाण्याच्या पाइपाला) असतो, पातळ असतो. गुत्तेदार तोच मैल्याच्या लाईनीला लावून मोकळा होतो.

प्लंबर, नांदेड
बाही-पट्ट्याचं काम आम्हाला जमतं. मग बिडाला माझी हरकत नाही. आणखी एक, उतरवलेलं बीड भंगारात किलोवर जातं. ते पैसे कोणाचे, हे आधी लिहून घ्या. काढायची घाई कोणाला आहे ते तिथंच कळेल.

रहिवासी, लातूर
माझं मत बदललेलं नाही. सगळ्या घरांतलं ॲसिड कमिटीच्या ठरावाने बंद होत नसतं.

धागाकर्ता
सभेआधी प्रत्येक मजल्यावर हातोडी वाजवून घेतो. परभणीच्या साहेबांना एकच विचारायचंय, जुन्या पाइपाचा कुजलेला तुकडा कापून मध्ये बिनसॉकेटचा नवा बसेल का?

साइट इंजिनिअर, परभणी
बसेल, पण जुन्या पाइपाचा बाहेरचा व्यास मोजूनच बाही मागवा. जुने आणि नवे एका मापाचे असतील असं धरून चालू नका. कापण्याआधी वरच्या पाइपाला भिंतीत पक्का आधार द्या, नाहीतर वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन त्या तुकड्यावर येईल.