शब्दचर्चा : ‘गिमेल’ म्हणजे जुगलबंदी का?

प्रश्न : ईटन क्वायरबुक या इंग्लंडमधल्या चर्च-समूहगायनाच्या ग्रंथातल्या (सुमारे १५००–१५०५) एका रचनेवरच्या टिपणात ‘गिमेल’ला ‘जुगलबंदी’ म्हटलंय. चालेल?

– नाही. जुगलबंदीत दोन कलावंत आपापली गायकी घेऊन बसतात. गिमेलमध्ये एकच आवाज दुभंगतो. उदाहरणार्थ, ट्रेबल म्हणजे सर्वांत वरचा आवाज गाणाऱ्या मुलांचे दोन गट होतात आणि तेवढ्या भागापुरत्या वेगळ्या ओळी गातात. मूळ लॅटिन शब्द ‘गेमेलस’, म्हणजे जुळा. त्यामुळे ‘जुळी ओळ’ म्हणा, नाहीतर ‘गिमेल’च ठेवा. आवाज पुन्हा एक झाला की लेखनिक ‘सेमेल’ (एकदा) असं लिहितो.

– आधुनिक स्वरलिपीत उतरवताना इथेच फसगत होते. क्वायरबुकात आवाज एकाखाली एक लिहीत नाहीत. उघडलेल्या दोन पानांवर प्रत्येकाची जागा वेगळी, आणि जुळ्या ओळी त्या जागेत एकामागून एक येतात. दुसरी ओळ पहिलीचाच पुढचा भाग समजलात, तर तो आवाज बाकीच्यांपेक्षा लांबतो. मात्रा मोजा, जादा भरलेल्या मात्रा एका गिमेलइतक्याच निघाल्या तर चूक हीच.

प्रश्न : आणि ‘फेबर्डन’? ‘संगत’ म्हणू का?

– संगत म्हटलं की तबला-पेटी आठवते! फेबर्डन ही पाठ असलेल्या धूनवर तिथल्या तिथे तीन आवाज उभे करायची रीत. मूळ धून मधल्या आवाजात. वरचा कायम तिच्यापासून चौथ्या स्वरावर. खालचा बहुतेक वेळ तिसऱ्यावर, पण सुरुवातीला आणि चरण संपताना पाचव्यावर. मधला ‘प’वर असेल तर वर तार ‘सा’, खाली ‘ग’. शेवटाला खाली ‘सा’. मधला ‘म’वर आला की सांभाळा : वरच्याने शुद्ध ‘नी’ घेतला तर अंतर बिघडतं, कोमलच हवा. मला ‘फेबर्डन’च बरा वाटतो.

– फ्रेंच ‘फोबुर्दाँ’शी मात्र गल्लत नको. कानाला जवळपास तेच, पण तिथे धून सर्वांत वर असते. वरचा व खालचा आवाज लिहितात, मधला गायकाने वरच्यापासून खाली चौथ्या स्वरावर धरायचा.

– जाता जाता : त्याच टिपणात ‘ईटनची पोथी’ आहे. पोथी म्हणजे सुटी, आडवी पानं. हा बांधलेला, उभा, चर्मपत्राचा ग्रंथ. मूळच्या २२४ पानांपैकी आज १२६ उरलीत. ‘हस्तलिखित ग्रंथ’ लिहा.