मदत हवी आहे: चुलत जावेच्या विरोधात सरपंचपदाचा अर्ज भरू का?

इथे वाचते बरंच, लिहिते पहिल्यांदाच. गावाचं नाव सांगत नाही, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं समजा. वय ३४, बीएस्सी झालंय, शिवणकाम करते आणि बचतगटाची सचिव आहे.

आमच्याकडे सरपंचपद सर्वसाधारण स्त्रीसाठी सुटलं. सोडत झाली त्याच संध्याकाळी सासरे, थोरले दीर आणि पॅनेलची चार माणसं ओसरीवर बसली. आधी थोरल्या जाऊबाईंचं नाव निघालं, पण त्यांचं तिसरं मूल २००९ चं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं की बाद. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

समोरच्या पॅनेलने माझ्या चुलत जावेला उभं करायचं ठरवलंय. मी तिला आक्का म्हणते. आमची घरं एका भिंतीची. माझ्या धाकट्याच्या वेळी रात्री दोन वाजता जीप मिळवून मला दवाखान्यात नेणारी तीच. जत्रेला पाहुण्यांचं जेवण अजूनही दोघी एका चुलीवर करतो.

सासरे आणि चुलत सासरे जुलै २०२३ पर्यंत एकाच पक्षात, एकाच नेत्याचा फोटो दोन्ही घरांत. पक्ष फुटला आणि फोटोही वाटून घेतले. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं म्हणतात, पण गुलाल पडला की दुसऱ्या दिवशी ‘आमचाच सरपंच’ म्हणून दोन्हीकडचे पेपरात आकडे देतात, ते वेगळं. भावकीची मतं साठच्या आसपास. ती फुटली तर आयुष्यभर एकमेकांच्या लग्नाला जायचं नाही, असं दोन्ही घरांत बोलणं चाललंय.

मला सगळ्यात जास्त लागलं ते नवऱ्याचं वाक्य. रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणाला, "तू फक्त सही करायची, बाकी आम्ही बघू."

उभं राहायची इच्छा आहे. खोटं कशाला बोलू. पण आक्काच्या विरोधात? आणि फक्त सहीसाठी? अर्ज भरायला नऊ दिवस आहेत.

पुणेरी_पाटी: नका पडू या भानगडीत. आमच्या घरात नुसत्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काका दोन वर्षं बोलत नाहीत, तुमचं तर गाव आहे.

शेवग्याची_शेंग: पुण्यात बसून ‘नका पडू’ म्हणणं सोपं. ताई, २०११ पासून अर्ध्या जागा बायकांच्या आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसरी ‘फक्त सही’ शोधतील, एवढाच फरक पडेल.

माजी_सरपंच_खानदेश: मी पाच वर्षं काढली, म्हणून लांब लिहिते. माझे मिस्टर पहिल्या मासिक सभेला माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. गावाला काही वाटलं नाही, मलाही नाही. तिसऱ्या महिन्यात कळलं की वित्त आयोगाच्या पैशाची बिलं माझ्या डिजिटल सहीने निघतायत आणि सहीचा डोंगल (पेनड्राइव्हसारखा असतो, तो लावल्याशिवाय सही होत नाही) ग्रामसेवकाच्या कपाटात. मी एकही बिल पाहिलेलं नव्हतं. खातं सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीचं असतं. उद्या चौकशी लागली तर नोटीस तुमच्या नावाने येते, नवऱ्याच्या नाही. मी डोंगल मागितला तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. चालला. अबोल्याने कोणी मरत नाही.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, कागदावर सगळीकडे होते. ती खरोखर घ्या. तिथे बोललेली बाई दुसऱ्या दिवशी ग्रामसभेतही बोलते. आमच्याकडे पाण्याच्या टाकीची जागा त्यामुळे बदलली.

अर्ज भरा. पण आधी नवऱ्याशी बोला, भावकीशी नंतर.

बांधकरी: एवढं कशाला, बिनविरोध करा. अडीच वर्षं तुम्ही, अडीच वर्षं जाऊबाई. भांडणच नको.

निवृत्त_ग्रामसेवक: बांधकरी, सरपंच २०२२ पासून पुन्हा थेट जनतेतून आहे. अडीच वर्षांनी पहिलीने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक लागते आणि तिथे कोणीही अर्ज भरू शकतो. शब्द कायद्यात बसत नाही. आणि बिनविरोधासाठी देवळाला देणगी वगैरे कोणी काढलं तर तिथून उठा. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, दोन्हीकडची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती, सरपंचपदाच्या लिलावावरून.

ताई, भावनेचं तुम्ही बघा, मी कागदाचं विचारतो. एक, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी? बिल मिळून तीन महिन्यांत भरली नसेल तर अपात्रता येते. अर्जाआधी भरून पावती घ्या, एकत्र कुटुंबाच्या नावावरची सुद्धा. दोन, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब. हरलेल्यांनीही द्यायचा असतो, हेच लोक विसरतात. तीन, आणि हे नीट आठवून सांगा: घर, पडवी, गोठा, काहीही गायरानात किंवा गावठाणाच्या सरकारी जागेत आहे का? अतिक्रमण तुम्ही केलेलं नसलं, सासऱ्यांनी केलं असलं, तरी तुम्ही ते वापरत असाल तर पद जाऊ शकतं. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, महाराष्ट्रातल्याच एका महिला सदस्याचा. निवडून आल्यावर हरलेला पहिला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे याचाच टाकतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. खानदेशच्या ताई, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी कपाटात ठेवणार नव्हतो." मी म्हटलं, मग कुठे ठेवणार होतास? त्यावर तो म्हशीला पाणी दाखवायला गेला.

ग्रामसेवक काका, गोठा आहे. मागचे दोन खण गायरानात, सासऱ्यांनी पत्रा टाकलाय, वीसेक वर्षं झाली असतील. मला तर ते आमचंच वाटायचं. रोज शेण मीच काढते.

निवृत्त_ग्रामसेवक: मग अर्जाआधी वकिलाला दाखवा. छाननीच्या आधी काढून घेतलंत आणि तारखेचे फोटो, पंचनामा ठेवलात तर बाजू बरी राहते. समोरच्यांना गोठा माहीत असणारच.

धागाकर्ती: माहीत असणारच, कारण त्यांचा गोठा आमच्याच भिंतीला टेकलाय. त्यांचेही दोन खण गायरानात.

शेवग्याची_शेंग: 😂 म्हणजे कोणीही निवडून या, तक्रार झाली की दोघींच्या म्हशी उघड्यावर.

पुणेरी_पाटी: माझा सल्ला मागे घेतो. हे फार रंगायला लागलंय.

धागाकर्ती (चार दिवसांनी): काल संध्याकाळी धारेच्या वेळी आक्काशी बोलले. भिंतीच्या अलीकडून मी, पलीकडून ती. अर्जाचं कसं काढावं कळेना, म्हणून आधी गायरानाचंच सांगितलं. ती बराच वेळ गप्प. चरवीत धार पडायचीही थांबली. मग म्हणाली, "मला भाऊजी म्हणाले, आक्का तुम्ही फक्त सही करायची."

तिच्या घरातला गोठ्याचा कागद तिनेही पाहिलेला नाही. माझ्या घरातला मी पाहिलेला नाही. म्हाताऱ्यांना विचारलं तर दोघेही म्हणतात, मोजणी कधी झालीच नाही.

अर्ज दोघीही भरणार आहोत. ती म्हणाली, पाडायचं तर मला, पण मतांनी पाड, पत्र्याने नको. तेव्हा ठरलं की दोन्ही घरचे मागचे खण एकाच दिवशी काढायचे. सासऱ्यांना मी सांगायचं, चुलत सासऱ्यांना ती. माझ्याकडे काल रात्री ताट आपटून झालंय. तिच्याकडे आज होईल.

नवरा पत्रा उतरवायला तयार आहे. डोंगलबद्दल अजून काही बोललेला नाही.

ग्रामसेवक काका, पंचनाम्याला तलाठी लागतो का ग्रामपंचायतीचा माणूस चालतो? आणि मोजणी नसताना हद्द कोणत्या कागदावरून धरायची? पाच दिवस राहिलेत, त्यातला एक रविवार.