केटे कोलवित्झ: सगळं काळंच का?

प्रश्न: बर्लिनला या जर्मन चित्रकर्तीची छापचित्रं पाहिली. रंगाचा ठिपकासुद्धा नाही. मुद्दाम?

– बरंचसं मुद्दाम. छापाच्या प्रती पुष्कळ निघतात, स्वस्त पडतात. नवरा कार्ल गरीब वस्तीतला डॉक्टर. त्याच्याकडे येणाऱ्या बायकाच तिच्या कागदावर उतरल्या.

– आणि तिचा मुलगा पेटर? १९१४ला अठराव्या वर्षी बेल्जियममध्ये मारला गेला. बाप लढाईला सोडायला तयार नव्हता, तिनंच त्याला राजी केलं! तिनं घडवलेलं त्याचं स्मारक पुरं व्हायला १९३२ उजाडलं. आईबाप गुडघ्यांवर, पण वेगवेगळ्या चौथऱ्यांवर. आई पार वाकलेली. बाप ताठ, स्वतःलाच हातांनी आवळून. मला तर तो बापच बघवत नाही.

प्रश्नकर्ती: राजी केलं हे माहीत नव्हतं. आता ती चित्रं परत बघते.

– नातूही पेटरच. १९४२ला रशियात लढाईत मारला गेला.