गर्भजल जास्त असलेल्या बाळंतपणाचे अनुभव: लिहा गं बायांनो (आणि बापांनो)

गोदाकाठची
परवा टीव्हीवर नाशिकच्या गंगेला (म्हणजे आमच्या गोदावरीला) आलेलं पाणी दाखवत होते. पूर किती चढला ते ज्याच्यावरून बघतात तो नदीतला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडालेला. आमचे हे सोफ्यावरून म्हणतात, "तुझा एएफआय आठवतो का गं?" लेक विचारतेय एएफआय म्हणजे काय (पोटातलं पाणी मोजायचा सोनोग्राफीतला आकडा), आणि आम्ही दोघं हसतोय.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा मी सातव्या महिन्यात होते. पोट एवढं की कॉलेज रोडला भाजी घेताना अनोळखी बायका विचारायच्या, जुळं का? त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाल्या, लायकर (बाळाभोवतीचं पाणी) जास्त आहे, एएफआय २७. साधारण २४-२५ च्या वर गेलं की जास्त धरतात. तेव्हापासून दर सोनोग्राफीनंतर ह्यांचा पहिला प्रश्न, "मारुती कुठवर?" मी म्हणायचे कमरेपर्यंत, छातीपर्यंत. रडू यायचं त्या दिवशीसुद्धा हसायचे.

साखर तपासली, नॉर्मल. बाळाची पुन्हा नीट तपासणी झाली, गिळतंय, जठर दिसतंय, सगळं ठीक. कारण सापडलंच नाही. पुष्कळ जणींचं असंच असतं म्हणे. पण आडवं झालं की धाप लागायची. शेवटचे दोन महिने सोफ्याच्या कोपऱ्यात उशा रचून अर्धवट बसूनच झोपले. बाळाला आत इतकी मोकळी जागा की सकाळी डोकं खाली, संध्याकाळी आडवं. डॉक्टर पोट चाचपून म्हणायच्या, "आज कुठे गेली स्वारी?"

तेव्हा मला हे सगळं बोलायला कुणी मिळालं नाही. जावेला विचारलं तर म्हणाली, पाणी जास्त म्हणजे मुलगा. (मुलगी झाली.) म्हणून म्हटलं, ज्यांनी ज्यांनी हे काढलंय त्यांनी लिहा.

चकलीभाजणी
मारुती कुठवर!!! मेले हसून. दूध उतू गेलं इकडे. नंतर लिहिते.

सिडकोवाली
माझं साखरेमुळे. २४व्या आठवड्यात ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात ना, दोन तासांनी रक्त, १४० च्या आत हवं. माझी १६८. मला तर कधी शुगर नव्हती, माहेरी कुणाला नाही. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाकडे जाते, मग बाळाला लघवी जास्त होते, आणि पोटातलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प. इतके दिवस मला वाटायचं काहीतरी पवित्र द्रव आहे.

तर श्रावण चालू आणि मी साबुदाणा, भगर, रताळं सगळ्याला मुकले. सासूबाई म्हणाल्या उपास मोडतेस का. सासरे (कधी मधे बोलत नाहीत) म्हणाले, "देव बघून घेईल, तिला भाकरी वाढ." ज्वारीची भाकरी, मेथी, मटकी, जेवणानंतर गच्चीवर चकरा. त्यानं भागेना म्हणून इन्सुलिन लागलं. सुई पोटात टोचायची या कल्पनेनंच घाम फुटला होता, पण ती सुई केसाएवढी असते, कळत पण नाही. साखर आटोक्यात आली तसं पाणीही २८ वरून २३ वर आलं. बाळ ३.९ किलो, सिझर. जन्मल्यावर त्याची साखर कमी होईल म्हणून टाचेला टोचून टोचून बघत होते, ते मात्र बघवत नव्हतं.

पिंपळगावची_सून
आमच्याकडं सगळ्यांचं एकच, पाणी कमी पी. तांब्या हातात घेतला की आजेसासूबाई बघायच्या. मार्च महिना, द्राक्षाची काढणी चालू, घरात मजूर, व्यापारी, क्रेट, ऊन मरणाचं आणि मी घोटघोट पाणी पितेय. आठ दिवसांत लघवीला जळजळ, ताप. डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडल्या, "तिच्या पिण्याच्या पाण्याचा आणि पिशवीतल्या पाण्याचा असा संबंध नसतो, तांब्या द्या तिला." आजेसासूबाई गाडीत गप्प. घरी आल्यावर त्यांनीच माठ माझ्या खोलीत आणून ठेवला.

त्या वर्षी द्राक्षाला भाव मेला होता ते वेगळंच. तेही टेन्शन पोटातच.

ओझरकर
@पिंपळगावची_सून कोणतं वाण होतं? आमचं थॉमसन अजून उभं होतं त्या वर्षी, पावसानं मणी तडकले.

पिंपळगावची_सून
भाऊ सोनाका. पण इथं बाळंतपणाचं चाललंय!

बाप_माणूस
नवऱ्यांच्या वतीने. आम्हाला डॉक्टरांनी बजावलं होतं की घरी पाणमोट फुटली तर बायकोला चालवू नका, बसवून आणू नका, कुशीवर आडवं करून, कमरेखाली उशी देऊन आणा. का, तर पाणी जास्त असलं की डोकं नीट खाली बसलेलं नसतं, लोंढा आला की त्याच्याबरोबर नाळ आधी खाली येऊ शकते, आणि ती दाबली गेली की बाळाचा पुरवठाच थांबतो. मग काय, मी गाडीची मागची सीट आडवी करून वर कांद्याची ताडपत्री, त्यावर गादी, त्यावर चादर. महिनाभर गाडी तशीच फिरवली. ऑफिसात म्हणायचे, कुठे ट्रेकला? इंदिरानगरहून द्वारकेचा चौक टाळून कसं जायचं याचे तीन रस्ते रात्री स्कूटरवर जाऊन बघून ठेवले. एका रस्त्यावर स्पीडब्रेकर किती आहेत ते बायकोला पाठ होते, माझ्यापेक्षा तिलाच.

प्रत्यक्षात काय झालं, ३८व्या आठवड्यात दाखल करून डॉक्टरांनीच पाणमोट हळूहळू मोकळी केली, एक जण वरून पोट धरून. तरी फरशीवर एवढं पाणी की मावशी दोनदा पुसायला आल्या. ताडपत्री परत मामाच्या खळ्यात गेली.

चकलीभाजणी
आले. वरचं वाचून मला माझ्या नवऱ्याचा राग येतोय. त्याने बॅग पण भरली नव्हती. असो. माझं उलट होतं, पाणी कमी, ४ वर आलेलं. रोज दोन शहाळी. त्र्यंबक रोडचा शहाळेवाला मला बघितलं की कोयता उचलायचा.

सिडकोवाली
देवाने वाटणी नीट केली असती तर तुला माझं दिलं असतं.

मेथीदाणा
बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कारण विषय असा आहे.

आमचं कारण नसलेलं नव्हतं. एएफआय ३८. स्कॅनमध्ये बाळाच्या जठराचा काळा बुडबुडा दिसायला हवा, तो दिसतच नव्हता. बाळ पाणी गिळतं म्हणून पाणी प्रमाणात राहतं. आमच्या पिल्लाची अन्ननलिका मधेच बंद होती, त्यामुळे आत जायला वाटच नाही. जिथे आधी दाखवत होतो तिथे "पाणी थोडं जास्त आहे, होतं असं" एवढंच सांगून महिना घालवला होता. नाव लिहीत नाही.

३१व्या आठवड्यात मला बसताही येईना, उभंही राहता येईना. मुंबईला गेलो. कसारा घाटात प्रत्येक वळणाला वाटायचं आता फुटतंय. तिथे सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून पाणी काढलं, दीड लिटरच्या आसपास, खूप सावकाश. दुखण्यापेक्षा भीती जास्त. पाणी निघताना पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली. पुन्हा पाणी भरलं, पण तेवढ्यात चार आठवडे मिळाले.

जन्मल्यावर नाकातून नळी घालून बघितली, ती अडकली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. काचेच्या पेटीत बरेच दिवस. मी दूध काढून फ्रीजात ठेवायची आणि बरणीवर तारीख लिहायची, तेवढंच काम हातात होतं. आता दुसरीत आहे. पोळीचा घास बारीक करून, मधेमधे पाणी पिऊन खातो, डबा संपवायला वर्गात शेवटचा. बाकी दंगेखोर.

गोदाकाठची
मेथीदाणा, काय लिहू. डबा शेवटी संपवणाऱ्या दंगेखोराला माझा गालगुच्चा.

पिंपळगावची_सून
ताई डोळ्यांत पाणी आलं. बाळाला द्राक्षं पाठवते, बिनबियांची, सोलून दे.

मेथीदाणा
अगं सोलून पण अर्धी करून द्यावी लागतात. पण पाठव.

लेबररूमवाली
मी सिस्टर आहे, नाइट संपवून लिहितेय, चुका समजून घ्या. एएफआय म्हणजे पोटाचे चार भाग करून प्रत्येकातली पाण्याची सगळ्यात खोल जागा सेंटिमीटरमध्ये मोजून केलेली बेरीज. काही ठिकाणी एकच खोल जागा मोजतात, ती ८ किंवा वर असली तर जास्त. म्हणून दोन रिपोर्टांत आकडे वेगळे दिसले तर घाबरू नका, आधी कुठला आकडा आहे ते बघा.

आणखी एक कुणी लिहिलं नाही. बाळ झालं की सगळे बाळाकडे पळतात. गर्भाशयाची पिशवी ताणलेली असते, ती लवकर आवळत नाही, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. म्हणून पाणी जास्त असलेल्या बाईला घरी किंवा लहान ठिकाणी बाळंत करू नये, रक्ताची सोय असेल तिथेच. आम्ही आधीच सलाईन लावून ठेवतो. तेव्हा बायका विचारतात एवढं कशाला. याच्यासाठी.

अळीवलाडू
मेनरोडला पोटावर मोठे होणारे गाऊन कुठे मिळतात सांगा ना कुणी. माझ्या बहिणीला हवेत. पाण्याचं नाही, जुळं आहे.

चकलीभाजणी
मेनरोडला कशाला, शालीमारला बघ, स्वस्त पडेल. जुळ्यांचं अभिनंदन!

सिन्नरची_लेक
आज वाचायला घेतलं आणि रडायला लागले. ३०वा आठवडा चालू. कालच २६ आलंय. साखरेची तपासणी सोमवारी. नेटवर वाचून वाचून रात्रभर जागी. मेथीदाणा ताईंचं वाचून तर हातच गार पडले. नवरा पुण्यात नोकरीला, इथे आई आणि मी.

मेथीदाणा
अगं माझं वाचून घाबरू नकोस. माझं ३८ होतं, तुझं २६. ३० पर्यंत सौम्यच धरतात. डॉक्टरांना एवढंच विचार की बाळाचं जठर दिसतंय का, गिळतंय का. रिपोर्टात लिहिलेलं असतं बहुतेक.

लेबररूमवाली
सोमवारपर्यंत नेट बंद. पोट सारखं सारखं दगडासारखं कडक व्हायला लागलं, बसूनही धाप लागली किंवा पाणी गेलं तर सोमवारची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. १०८ चा नंबर आईच्या फोनमध्ये टाकून ठेव. डाव्या कुशीवर झोप. बाळाच्या हालचाली जेवणानंतर शांत पडून मोज, पाणी जास्त असलं की लाथा मऊ लागतात, पण हालचाल एकदम कमी वाटली तर फोन कर.

सिन्नरची_लेक
आत्ता रिपोर्ट काढून बघितला. जठर दिसतंय असं लिहिलंय!! आईला वाचून दाखवलं. थँक्यू ताई.
अजून एक, रविवारी डोहाळजेवण ठेवलंय, झोपाळा वगैरे. करू का नको?

सिडकोवाली
कर की. साखरेची तपासणी दुसऱ्याच दिवशी आहे तर ताटातली जिलबी आईला दे.

बाप_माणूस
झोपाळा उंच नको, उतरताना दोघींनी धरा. नवऱ्याला म्हणावं शनिवारी रात्रीच निघ, रविवारी सकाळी नाशिक-पुणे रस्त्यावर अडकायला होतं.

सिन्नरची_लेक
तो शनिवारी येतोय. ताडपत्रीचं त्याला फॉरवर्ड केलं. म्हणतोय गाडी छोटी आहे, ताडपत्री मावणार नाही.

बाप_माणूस
घडी घाल म्हणावं. मावते.