गावभागातलं घर सोडून धामणी रोडला जावं का?

गावभागकर
महिनाभर घरात एकच विषय चाललाय. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर विकायचं आणि गावाबाहेर धामणी रोडला रो-हाऊस घ्यायचं. मुलगा, सून तयार आहेत. एजंटानं दोनदा नेऊन दाखवलंय. अडून बसलेला मी एकटाच.

माझं म्हणणं सरळ आहे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळी साडेआठला पिशवी घेऊन निघते. गणपतीला जाते, येताना मंडईत मेथीच्या चार जुड्या उलट्यापालट्या करून पाचवी घेते, किराणावाल्याच्या स्टुलावर जरा टेकते आणि साडेदहापर्यंत घरात. गुडघे कुरकुरतात, पण तिला कुणाची वाट बघावी लागत नाही. दवाखाना, बँक, शिंपी, चष्मेवाला, सगळं पायाखालचं. तिकडं गेल्यावर कोथिंबिरीलासुद्धा मुलाला सांगायचं, आणि तो येतो संध्याकाळी सातला.

चालत जगता येईल असं गाव आपल्याला आयतं मिळालंय. ते टाकून गाडीवाचून पान हलणार नाही अशा कॉलन्या आपण बांधत सुटलोय. सांगलीची जमीन तर परातीसारखी सपाट, साताऱ्यासारखा चढ नाही. आम्ही विलिंग्डन कॉलेजला सायकलनं गेलो, ऊन असो की पाऊस. आता नातवाला कोपऱ्यावर जायलाही मोपेड लागते. चुकतोय का मी?

विश्रामबागचा
काका, रागावू नका, एकच विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुम्ही कुठं होता?

कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला झालं, २०२१ ला परत झालं. आमच्या टू बीएचकेमध्ये तेव्हा खणभागातली मामाकडची अकरा माणसं नऊ दिवस होती. मंडई जवळ आहे हे खरं, पण नदी त्याहून जवळ आहे.

गावभागकर
कुठं असणार, मेहुण्याकडं. विश्रामबागेतच.

नाकारत नाही. जिन्याच्या भिंतीवर दोन रेघा आहेत, खालची २००५ ची, वरची २०१९ ची. फरशीच्या सांध्यांतून पुढं वर्षभर गाळ निघत होता. देव्हाऱ्याचा खालचा कप्पा फुगला तो अजून बंद होत नाही. पण पूर चार-पाच वर्षांतून आठवडाभर. आईचं चालणं रोजचं.

शामरावनगर पीडित
उपनगर म्हणजे कोरडं, असं समजणाऱ्यांनी जुलैत आमच्याकडं यावं. नदीला पूर नसला तरी आमचं अंगण भरलेलं. सखल जागा, काळी माती, पाण्याला जायला वाट नाही. प्लॉट घेताना सगळे सातबारा बघतात, उतार कुणी बघत नाही. काका, धामणी रोडचं घर बघायचं तर पावसात बघा. मार्चमध्ये सगळेच प्लॉट गोड दिसतात.

पाठक गल्लीची सून
मी वेगळं बोलते, कुणाला लागलं तर लागू दे. दाट वस्तीत माणुसकी असते म्हणतात. असते. पण बारा वर्षं मी कोपऱ्यापर्यंत गेले तरी चार खिडक्यांतून "काय गं, कुठं?" यायचं. ड्रेस घातला की सासूबाईंना निरोप माझ्या आधी पोचायचा. कुपवाड रोडला राहायला आलो, मी स्कूटी शिकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न सांगता बाहेर पडले. तुमच्या आईंना चालण्यानं जे मिळतं ते मला गाडीनं दिलं.

गावभागकर
ताई, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सूनबाई याच कारणासाठी तिकडं म्हणत असेल तर ती मला सांगणारही नाही.

पाठक गल्लीची सून
विचारून बघा. तुम्ही स्वतः नको, काकूंना विचारायला सांगा.

हॉर्न ओके
मंडईपाशी सकाळी दहाला चारचाकी लावून दाखवा, माझं घर फुकट नावावर करतो.

परदेशी मिरजकर
अमेरिकेत डॅलसच्या उपनगरात नऊ वर्षं काढली, म्हणून खऱ्या गाडीच्या जगातलं सांगतो. दुधाला दोन मैल. घरापासून शंभर पावलांवर फुटपाथ संपायचा, पुढं नुसतं गवत आणि सुसाट गाड्या. तिथल्या बहुतेक उपनगरांत कायद्यानंच ठरलेलं असतं की या पट्ट्यात फक्त घरं, दुकान काढायचं नाही. आई तीन महिने आली होती, दुसऱ्याच आठवड्यात परतीची तारीख विचारायला लागली. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करत नेला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन झाल्या. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास आधीपेक्षा लांबला. रस्ता रुंद झाला म्हणून आणखी लांब घरं झाली, म्हणून आणखी गाड्या आल्या.

पण काका, धामणी रोड म्हणजे डॅलस नव्हे. इथं कुणी दुकान काढायला अडवत नाही. चार घरं झाली की एक जण पार्किंगमध्ये किराणा मांडतो, पाचवा पिठाची गिरणी. विलिंग्डन १९१९ ला निघालं तेव्हा विश्रामबाग म्हणजे गावाबाहेरचं माळरानच. आज तिथं काय मिळत नाही? दहा-पंधरा वर्षं धीर धरा.

गावभागकर
आई अठ्ठ्याहत्तरची आहे, हे वर लिहिलंय.

परदेशी मिरजकर
बरोबर. शब्द मागं घेतो.

आरेखन
मी आर्किटेक्ट, गावठाणातली कामं करतो. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत. जुना गावभाग आहे तसा आज बांधताच येत नाही. बारा फूट दर्शनी भाग, साठ फूट खोली, भिंतीला भिंत, खाली दुकान, वर घर. यामुळंच तर सगळं चालत मिळतं. पाडून नवीन बांधायला घेतलं की आधी पार्किंग दाखवा. वर नदीची रेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्यांच्यात अडकलात तर जोतं उचला. म्हणजे तळमजल्यावर खांब आणि गाड्या. पुराच्या दृष्टीनं हे शंभर टक्के योग्य, मीच तसं काढून देतो. पण गल्लीत अशा चार इमारती ओळीनं झाल्या की शिंपी गेला, चष्मेवाला गेला, संध्याकाळी उजेडही नाही. काका म्हणतात तो गावभाग आणखी वीस वर्षांनी गावभागातही नसेल.

विश्रामबागचा
म्हणजे माझाच मुद्दा झाला की. जिथं पाणी येतं तिथं दाट वस्ती नकोच.

आरेखन
अर्धा. दाट वस्ती उंचावर करा ना. शंभर फुटी रस्त्याच्या कडेला चार मजले, खाली दुकानं, मधून सिटी बस. पण आपण उंच जमीन गुंठा-गुंठा करून रो-हाऊसला वाटतो आणि भाजीवाला ठेवतो पाण्यात.

वडापवाला पोरगा
बसचं नाव काढलंत म्हणून. स्टेशन चौकातनं मिरजेला मिनिटाला वडाप, म्हंजे शेअर गाडी, मिळतंय, पण आत कॉलनीत कोण येत न्हाई, कारण भरत न्हाई. मोकळी मोकळी घरं, त्यात परत्येकाच्या दारात दोन गाड्या. आमी डिझेल कुणासाठी जाळायचं? (स्टेशन चौकात स्टेशन न्हाई ह्ये भायेरच्या पावण्याला समजावताना माझं अर्धं आयुष्य गेलं.)

हॉर्न ओके
अजून कुणी गाडी लावून दाखवली नाही.

गावभागकर
रविवारी आईला घेऊन गेलो होतो. विक्रीवाला स्वयंपाकघर दाखवत होता, ती मागल्या दारानं बाहेर. म्हणाली, चालून बघते. मी घड्याळ लावलं. सगळ्यात जवळचं दुकान एकोणीस मिनिटं, तेही बिस्किटं आणि रिचार्जचं. रस्त्याला कड अशी नाहीच, डांबर संपलं की चारी. मधे एका मोरीवर ती बसली. तीन कुत्री आली, लांबूनच बघून गेली.

सूनबाईंशीही हिचं बोलणं झालं. ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. ती म्हणे, वर्षभरापूर्वीच सांगणार होती.

त्यामुळं आता निर्णय आणखी अवघड झालाय. विश्रामबाग स्टेशनच्या बाजूला जुन्या अपार्टमेंटमधला फ्लॅट बघतोय, पाणी येत नाही आणि खाली दुकानं आहेत असा. बजेटच्या बाहेर जातोय. कुणाच्या माहितीत असला तर सांगा. दुसरा मजलाही चालेल, पण लिफ्ट हवी.

शामरावनगर पीडित
धामणी रोडला भाजीची गाडी फिरते का विचारलंत?

गावभागकर
फिरते, दहा वाजता. आईनं थांबवली पण. तीन जुड्या बघितल्यावर तो म्हणाला, आजी, घ्यायची तर घ्या, पुढच्या गल्लीत वाट बघतायत.