पानगळीत काही पाने पिवळी, तर काही लाल का होतात?

प्रश्न: मेपलची पाने गळण्यापूर्वी रंग बदलतात, त्याचे कारण केवळ थंडी आहे काय?

उत्तर १: मुख्य संकेत लहान होत जाणाऱ्या दिवसाचा असतो. झाड पानांतील नायट्रोजन खोडात परत ओढून घेते, हरितद्रव्याचे विघटन होते आणि आधीपासूनच असलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये उघडी पडतात.

उत्तर २: लाल रंगाचे तसे नाही. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य पानात साठलेल्या साखरेच्या आधारे नव्याने तयार होते. म्हणून स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, परंतु न गोठवणाऱ्या रात्री लाभल्या की लाली गडद होते. गळणाऱ्या पानावर झाड हा खर्च का करते, यावर मतभेद आहेत. मला प्रखर प्रकाशापासून संरक्षणाचे स्पष्टीकरण अधिक पटते.

उत्तर ३: देठाच्या बुडाशी पेशींचा नाजूक थर तयार होऊन पान सुटते. ओकची वाळकी पाने मात्र अनेकदा वसंतापर्यंत फांदीवरच टिकतात.