स्वयंसेवकांनी पूरग्रस्त भागात जाऊच नये का?

कृष्णाकाठ
परवा येथील एका सदस्यांनी लिहिले की, आपत्तीच्या जागी स्वयंसेवकांनी फिरकू नये, ते काम एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आणि जिल्हा प्रशासनाचे आहे, आणि ज्यांना कळवळा आहे त्यांनी मुख्यमंत्री सहाय्यता निधीत पैसे भरून घरी बसावे. त्यातले ‘घरी बसावे’ मला फार लागले, म्हणून वेगळा धागा काढला आहे.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. आमच्या भागात बहुतेकांनी 2005 च्या पुराची खूण प्रमाण मानली होती. त्या खुणेच्या वर सामान चढवले की झाले, अशा हिशेबाने माणसे घरातच थांबली, आणि पाण्याने खूण ओलांडली तोवर बाहेर पडण्याचे रस्ते बंद झाले होते. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि गावाने आपली माणसे गमावली. एनडीआरएफचा तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. एकाच वेळी शेकडो गावे पाण्याखाली जातात तेव्हा प्रत्येक गावाच्या पहिल्या रात्री त्यांचे जवान तेथे असणे शक्य नाही. ती रात्र गावातल्याच माणसांना निभावावी लागते. बोटीत किती जण बसवायचे, अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरांत आहेत, जनावरे कधी सोडायची, हे ठरवणारी आणि ज्यांचे गाव ऐकेल अशी माणसे पावसाळ्यापूर्वी तयार करावी लागतात. यालाच मी स्वयंसेवा म्हणतो.

तटस्थ
ते लिखाण माझेच आहे, आणि माझे म्हणणे अर्धेच उचलले गेले आहे. मी बाहेरून येणाऱ्या गर्दीविषयी लिहिले होते. महामार्गालगतच्या गावांत ट्रकमागून ट्रक रिकामे होत होते आणि आत चार किलोमीटरवरच्या वस्तीला काडेपेटीसुद्धा मिळत नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ही जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली आहे. आपण फुकट राबू लागलो की शासन बोटी, जॅकेटे आणि पगारी माणसे यांवरचा खर्च टाळते. शिवाय उत्साहाने धोका टळत नाही. जुलै 2023 मध्ये दरड कोसळलेल्या इर्शाळवाडीची चढण चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, आणि ते तर याच कामातले होते.

कृष्णाकाठ
त्याच इर्शाळवाडीत त्या रात्री अंधारात आणि पावसात वाट दाखवायला खोपोली परिसरातली डोंगर भटकणारी मुले होती, हेही लिहा. त्यांना घरी बसवले असते तर गाडी न पोहोचणाऱ्या त्या वाडीची वाट पथकांना कोणी दाखवली असती?

वाशिष्ठीची_लेक
22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेतले आमचे दुकान छतापर्यंत पाण्यात होते. पाणी उतरल्यावर शटर निम्मेच उघडले, कारण आत गुडघाभर गाळ बसला होता आणि त्यात कापडाचे तागे, वजनकाटा, हिशेबाच्या वह्या असे सगळे रुतलेले होते. तो गाळ वाळण्यापूर्वी काढावा लागतो, नाही तर कुदळीने फोडावा लागतो. आम्हाला ओळखतही नसलेल्या मुलामुलींनी साखळी करून घमेली बाहेर काढली. त्यांना गर्दी म्हणणाऱ्यांनी एकदा तरी तो वास घेऊन पाहावा.

मात्र ट्रक भरभरून जे जुने कपडे आले, त्यांविषयी मला बोलायचेच आहे. फाटके परकर, चेन तुटलेल्या पँटी, डाग पडलेली बाळांची दुपटी! आमच्या वाडीच्या समाजमंदिरात त्यांचा ढीग भिजून कुजला आणि शेवटी तो उचलण्याचे कामही आम्हालाच पडले.

डोंबिवली_मंडळ
ताई, आमच्या गणेशोत्सव मंडळाने घरोघरी फिरून कपडे गोळा केले, धुतले आणि गठ्ठे बांधून पाठवले. कोणी पाच साड्या दिल्या तर त्यांत एखादी विरलेली निघायचीच. दिलेल्या वस्तूची अशी निंदा झाली तर पुढच्या वेळी आमच्या दारातून कोणी काहीही देणार नाही.

वाशिष्ठीची_लेक
तर देऊ नका. आमचे घर वाहून गेले म्हणून आमची लाज वाहून गेली नव्हती. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कोणाचे उतरलेले लुगडे नेसले नव्हते, आणि त्यांच्या हातात एकाने तसले पातळ ठेवून फोटो काढला.

डोंबिवली_मंडळ
फोटो आमच्या माणसांनी काढलेला नाही. कोणाच्याही चुकीसाठी आमच्यावर चिखलफेक कशाला?

पन्हाळ्याचा_पाऊस
कपड्यांवरून चाललेले हे भांडण निरर्थक नाही. आमच्या शिरोळ तालुक्यात मागणी होती ती जनावरांच्या चाऱ्याची, फिनेल, गमबूट आणि खराट्यांची, लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांची आणि उपसा पंपांची. ‘काय हवे?’ असा एक फोन आधी आला असता तर निम्मे ट्रक वेगळे भरले गेले असते. तो फोन घेणारा माणूस प्रत्येक गावात आधीपासून नेमलेला हवा.

डोंबिवली_मंडळ
कोणाला फोन करायचा हेच आम्हाला ठाऊक नव्हते. तसा क्रमांक मिळणार असेल तर कपडे गोळा करणे आम्ही थांबवू. फोटोचे बोलणे मात्र मला मान्य नाही.

माळवद
मी औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद अंगावर कोसळून माणसे गेली. आमच्या आळीत पहिला ढिगारा उपसला तो शेजाऱ्यांनी, उघड्या हातांनी. तटस्थ यांना मला पुढचे सांगायचे आहे. नंतर घरांच्या दुरुस्तीचा कार्यक्रम आला, तेव्हा गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. दगडी भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारा, आरपार जाणारा दगड का घालायचा, हे माझ्या आईला अभियंत्याकडून कधीच पटले नव्हते. ते तिला शेजारच्या काकूंनी पटवले, आणि मग गवंडी तो दगड टाळू लागला तेव्हा आईने काम थांबवले. तेथे पैसा शासनाचा होता आणि विश्वास गावातल्या बाईचा होता. यात शासनाची जबाबदारी कोठे कमी झाली?

तटस्थ
किल्लारीचे उदाहरण मला मान्य करावे लागते, कारण त्या बायका नेमलेल्या होत्या आणि त्यांचे काम ठरलेले होते. स्थानिक स्वयंसेवक तयार करणाऱ्या आपदा मित्र या सरकारी योजनेतही प्रशिक्षण, किट आणि विमा यांची तरतूद आहे, तेव्हा गावातल्या प्रशिक्षित माणसांना माझा विरोध नाही. परंतु विमा नसलेल्या एकाही मुलाला पाण्यात उतरवू नये, या मतावर मी ठाम आहे. तो बुडाला तर त्याच्या घरच्यांना कोण पाहणार, याचे उत्तर कृष्णाकाठ यांनी अजून दिलेले नाही.

कृष्णाकाठ
उत्तर देतो. विम्याची मागणी माझीही आहे, आणि येत्या ग्रामसभेत ती ठराव म्हणून मांडणार आहे: बोट, जॅकेटे आणि प्रशिक्षित मुलांचा विमा ग्रामपंचायतीच्या खर्चाने, आणि तो मेअखेरपर्यंत. मात्र पंचायतीने नकार दिला आणि जुलैत पाणी चढू लागले, तर मी त्या मुलांना पोहायला येत असताना काठावर थांबा असे सांगणार नाही.

तटस्थ
आपला मतभेद नेमका याच शेवटच्या वाक्यावर आहे, आणि तो राहील. ठरावाचा मसुदा येथे टाका. त्यात विम्याची रक्कम लिहिलेली नसेल तर मी पुन्हा आक्षेप घेईन.